पहिली गाडी म्हणून जुना डिझेल पिकअप: साडेतीन-चार लाखांत काय बघावं?

मळेवाला

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातला आहे, वय २४. घरची चार एकर, त्यात टोमॅटो, कांदा आणि थोडी द्राक्षं. घरात आजवर दुचाकीच, चारचाकी नाही. दर हंगामात भाड्याची गाडी लावतो. ऐन तेजीत गाडीवाला दुपारी तीनला येतो आणि तोवर पिंपळगावचा लिलाव अर्धा उरकलेला असतो. म्हणून आता स्वतःची जुनी डिझेल गाडी घ्यायची ठरवली आहे. घरचा माल वाहून उरलेल्या दिवसांत भाडं मारीन.

रोख साडेतीन लाख आहेत, फार तर लाखभर कर्ज काढू शकतो. आत्तापर्यंत बघितलेल्या गाड्या:

बोलेरो पिकअप २०१३, तीन चाळीस सांगतोय.
अशोक लेलँड दोस्त २०१८, चार दहा.
छोटा हत्ती (टाटा एस) २०१६, दोन लाख.
टाटा ४०७, २००९ ची, तीन वीस.

शिवाय एका एजंटाकडे दिल्ली पासिंगची बोलेरो पिकअप आहे, २०१५ ची, फक्त दोन साठ. यातलं काय घ्यावं? लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) आहे, चालेल का? आणि रविवारी घरच्यांनाही कुठे नेता आलं तर बरंच.

घाटवाट

गाडीचं नाव नंतर. आधी सांग माल किती, अंतर किती, रस्ता कसला. चाकाला मळ्यातली माती लागणार की नुसतं डांबर?

मळेवाला

तेजीच्या दिवशी टोमॅटोचे ९०-१०० कॅरेट (क्रेट) निघतात. एरवी ४०-५०. मळा ते पिंपळगाव बसवंत साधारण वीस किलोमीटर, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर शिवाररस्ता, पावसात चिखल. भाव पडला की वाशीला पाठवायचा विचार असतो.

टाटाभक्त

४०७ घे आणि मोकळा हो. १९८६ पासून ही गाडी रस्त्यावर आहे. कुठल्याही फाट्यावर मिस्त्री मिळतो, पार्ट मिळतो. बाकी सगळी खेळणी.

चाकणकर

२००९ ची ४०७ म्हणजे पंधरा वर्षं उलटलेली गाडी. पंधरा वर्षांवरच्या गाडीची पासिंगची (फिटनेस तपासणीची) फी केंद्राने २०२२ पासून कितीतरी पटीने वाढवली आहे आणि पुढे ती वाढतच जाणार. त्या पोराला पहिलीच गाडी घ्यायची आहे, तुमची भक्ती त्याच्या गळ्यात कशाला?

टाटाभक्त

भक्ती नाही, अनुभव आहे. पण फीचा मुद्दा मान्य.

वजनकाटा

मळेवाला, तुझा प्रश्न गाडीचा नाहीच, वजनाचा आहे. हिशेब कर. एका कॅरेटमध्ये २० किलो टोमॅटो, वर रिकाम्या कॅरेटचं दीड-दोन किलो. म्हणजे २२ धर. शंभर कॅरेट झाले २,२०० किलो. बोलेरो पिकअपची सव्वा ते दीड टनापर्यंतची मॉडेलं जुन्या बाजारात सगळ्यात जास्त. दोस्तही सव्वा टनाच्या आसपास. छोटा हत्ती पाऊण टनाचा. यातल्या एकाही गाडीत शंभर कॅरेट कायद्याने बसत नाहीत. बसवतात सगळेच, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर जादा टनामागे २,०००. एका खेपेत सापडलास की महिन्याची कमाई गेली. आणि ओव्हरलोड असताना अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनपावतीचाच विचारते.

वीस किलोमीटरच्या अंतराला दोन खेपा मारायच्या. पहिली पहाटे तोडलेल्या मालाची, दुसरी दुपारची. तुझं बाजाराचं गणितही त्यात सुधारेल, अर्धा माल लवकर लागेल.

आरसीवर दोन आकडे बघ, रिकाम्या गाडीचं वजन आणि जीव्हीडब्ल्यू, म्हणजे मालासकट जास्तीत जास्त वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुझा माल. मालवाहू गाडीचं जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. एकाच नावाच्या पिकअपची दोन मॉडेलं या रेषेच्या दोन बाजूंना असू शकतात, तेव्हा एजंटाच्या तोंडावर जाऊ नकोस. जुन्या गाड्यांना लोखंडी पत्र्याची जड बॉडी आणि वाढवलेले फाळके असतात, त्यानेच शंभर-दीडशे किलो खाल्लेले असतात. बघायला जाशील तेव्हा रिकामी गाडी एकदा काट्यावर चढव.

हिशेबी

लायसन्सचं उत्तर कोणीच दिलं नाही. एलएमव्ही चालेल. ७,५०० किलो जीव्हीडब्ल्यूपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही. हे आधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, त्यावर विमा कंपन्यांचा वाद चालू राहिला, शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं.

आता वाशी. जाऊन-येऊन ४०० किलोमीटर धर, डिझेल नव्वदीच्या घरात. पिकअप भरलेली-रिकामी मिळून लिटरला १२ देते असं समज. ३३ लिटर, म्हणजे ३,००० रुपये. ६० कॅरेट नेलेस तर कॅरेटमागे ५० रुपये डिझेल. छोटा हत्ती १८ देईल, २२ लिटर, २,००० रुपये. पण त्यात नियमाने ३४ कॅरेट. कॅरेटमागे ५९. टोल आणि तुझी रात्र वेगळी. म्हणजे ॲव्हरेज जास्त असलेली गाडी लांबच्या भाड्याला महाग पडते. जवळच्या आणि थोड्या मालाला मात्र तीच स्वस्त. लोक ॲव्हरेज विचारतात, कॅरेटमागे किती हे विचारत नाहीत.

घाटवाट

हिशेबी +१. शिवाय छोट्या हत्तीची ती जुनी दोन सिलिंडरची ७०० सीसी मोटर, १६ हॉर्सपॉवर. परतताना कसारा चढताना मागे रांग लागते आणि आपल्याला आरशात बघायची लाज वाटते. सपाटीवर मात्र मस्त गाडी. २००५ ला आली तेव्हा तीनचाकी टेम्पोवाल्यांचं सगळं जगच बदललं.

रोपवाटिका

छोट्या हत्तीची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. माझी नर्सरी आहे, भाजीपाल्याची रोपं ट्रेमधून गावोगाव पोचवते. गाडी मी स्वतः चालवते. रोपांना वजन नसतं, जागा लागते, आणि गल्लीबोळातून वळायला त्याच्यासारखी गाडी नाही. पण मळेवाला, तुझा माल वजनाचा आहे, तुला ती पुरणार नाही.

एक गोष्ट पुरुष मंडळी कधी सांगत नाहीत. पॉवर स्टिअरिंग आहे का ते बघ. जुन्या पिकअपमध्ये आणि दोस्तच्या खालच्या मॉडेलमध्ये नसतं. भरलेली गाडी बाजार समितीच्या गर्दीत मागे-पुढे करताना खांदे भरून येतात. तुझे वडील किंवा बहीण कधी चालवणार असतील तर त्यांनाही एकदा बसवून बघ.

आणि दर वर्षीचा खर्च आधी मांड. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच, ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला, २०२२ च्या दराने १६,०४९ रुपये आणि वर जीएसटी. कारवाल्यांना हा आकडा ऐकून चक्कर येते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण करही आहे. पासिंगच्या आधी रंग, रिफ्लेक्टर टेप, लाइटा, हॉर्न, सगळं करून घ्यायचं, त्यात दोन दिवस गाडी उभी. तुझ्या यादीतली २०१३ ची बोलेरो आणि २०१६ चा हत्ती, दोन्ही दर वर्षीच्या पासिंगवाल्या.

मळेवाला

ताई, विम्याचा आकडा माहीतच नव्हता. मी दुचाकीच्या हिशेबाने चार-पाच हजार धरले होते.

चाकणकर

आणि रविवारचं काय? मागे हौद्यात माणसं बसवायची नाहीत. मालगाडीत बसलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण नसतं. पुढे ड्रायव्हरशेजारी आरसीवर जेवढी सीट आहे तेवढीच. देवदर्शनाला निघालेल्या पिकअप उलटल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो आपण.

टाटाभक्त

मग बोलेरो कॅम्पर घे. मागे दुसरी केबिन.

वजनकाटा

कॅम्परचा हौदा आखूड. त्यात कॅरेट किती बसतात ते आधी मोज. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेला की माल अर्धा आणि माणसं अर्धी.

पाना१२१३

उशिरा आलो धाग्यावर, गॅरेजात गाडी खोललेली होती. डिझेल गाड्यांचंच काम करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेव की चालू करून ठेवू नका. गेल्यावर आधी बॉनेट उघडून रेडिएटरवर हात ठेव. गरम लागला तर त्याने तुझ्या आधी चालू केली आहे, म्हणजे काहीतरी लपवतोय किंवा बॅटरी मेलेली आहे. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागली पाहिजे. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, लगेच जायला हवा. निळसर धूर राहिला तर ती ऑइल खाते. भार दिल्यावर काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा नुसता एअर फिल्टर चोंदलेला. काळ्याला घाबरायचं नाही, निळ्याला घाबरायचं.

मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढ. किंचित वाफ ठीक. फकफक धूर येत असेल, झाकण ठेवलं तर उडत असेल, तर ती बॅक कॉम्प्रेशन मारते. पिस्टन-रिंगचं काम आलं. अर्धं इंजिन खोलण्याचा खर्च मनात धर आणि भाव कर, नाहीतर घरी जा. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघायचं, तेलाचा तवंग किंवा चालू केल्यावर बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

क्लच बघायला हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक, क्लच हळूहळू सोड. इंजिन बंद पडलं तर प्लेट ठीक. तसंच घुमत राहिलं तर प्लेट संपली. चालवताना उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढ. गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स खोलायची आहे.

हे सगळं दुरुस्त होतं. पैसे लागतात पण होतं. होत नाही ते चेसिसचं. त्यासाठी कपडे खराब करायची तयारी ठेव आणि गाडीखाली झोप. केबिनच्या मागे आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चेसिसला टांगलेले असतात तिथे टॉर्च मार. तिथे पट्टी मारून वेल्डिंग केलेलं असेल, किंवा बाकी चेसिस मळकट आणि तेवढाच भाग ताज्या काळ्या रंगाने चकाकत असेल, तर उठ, कपडे झटक आणि चहा न पिता निघ. वाळू, विटा, खडी वाहिलेल्या गाड्यांची ही खूण. दुसरी खूण पाट्यांची. कंपनीचे किती पाटे येतात ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत मोजून ठेव. वरून एक-दोन वाढवलेले असतील तर ती गाडी आयुष्यभर जादा वजनाखाली गेली आहे, मीटर काहीही दाखवो. आणि मीटर काहीही दाखवूच शकतो. ब्रेकच्या पॅडलचा रबर आणि स्टिअरिंगची घासलेली जागा जास्त खरं बोलतात.

कोकणातून मासळी वाहून आलेली गाडी असेल तर हौद्याचे सांधे आणि केबिनचा फ्लोअर बोटाने दाबून बघ. मीठ आतून खातं. वास लपवायला लोक फिनाईल टाकतात.

शेवटी चेसिस नंबर. फ्रेमवर ठोकलेला असतो. पासिंगला लोक घेतात तसा त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घे आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळव. आकडे वाकडे-तिकडे, वेगळ्या ठशाचे, किंवा भोवतीचा पत्रा घासलेला दिसला तर पुढे बोलणंच नको.

हिशेबी

हा प्रतिसाद कोणीतरी वेगळा काढून ठेवा.

रोपवाटिका

पाना दादा, टायरचं राहिलं.

पाना१२१३

हो. ताई, टायर म्हणजे बोलणी करायचा मुद्दा. पाच टायर नवे टाकायचे म्हटलं तर तीस-पस्तीस हजार जातात, तेवढे किमतीतून मागायचे. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवा रबर चढवलेले) असतील तर बाजूला सांधा दिसतो. पुढचा टायर एकाच कडेने खाल्लेला असेल तर नुसतं अलाइनमेंट की पुढचा एक्सल मार खाल्लेला, हे मिस्त्रीकडून बघून घ्यायचं.

मळेवाला

पाना दादा, प्रदूषणाच्या नॉर्म्समध्ये बीएस३ घ्यावी की बीएस४? एजंट म्हणतो बीएस४ च घे, बीएस३ लवकरच बंद होणार.

पाना१२१३

एजंटाला त्याच्याकडची बीएस४ खपवायची असेल. महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही, पासिंग होतंय तोवर गाडी चालते. देशभर बीएस४ आली ती १ एप्रिल २०१७ पासून, बीएस६ १ एप्रिल २०२० पासून.

माझ्या कामाच्या दृष्टीने फरक असा, की बीएस३ पिकअपला साधा पंप. डिझेल कसलंही गेलं तरी सहन करतो, बिघडला तर तालुक्याला दुरुस्त होतो. बीएस४ ला कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल सोडणारी यंत्रणा), ओढ चांगली, धूर कमी, ॲव्हरेज थोडं बरं. पण इंजेक्टर नाजूक. ड्रममधलं, पाणी मिसळलेलं डिझेल गेलं की चारही इंजेक्टर धरतात आणि त्याला मोठ्या शहरात, मशीन असलेल्या माणसाकडेच जावं लागतं. घ्यायचीच तर थंड गाडीचा आवाज ऐक, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागून मग विझतो का बघ. सुरुवातीला लागतच नसेल तर बल्ब काढलेला आहे!

चाकणकर

२०१७ च्या गाडीबाबत आणखी एक. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस३ विकायला बंदी केली. शेवटच्या दोन दिवसांत डीलरांनी पडत्या भावाने गाड्या खपवल्या. तेव्हा ‘२०१७ मॉडेल’ म्हणून तुला बीएस३ बीएस४ च्या भावात विकली जाऊ शकते. आरसीवर नॉर्म्स लिहिलेले असतात, ते वाच.

घाटवाट

बीएस६ मिळत असेल तर? बजेटच्या बाहेर आहे, पण सहज.

पाना१२१३

त्याच्या वापराला नको. बीएस६ डिझेलला धुराच्या वाटेत डीपीएफ गाळणी असते. तिच्यात साचलेली काजळी जळायला गाडी हायवेवर बराच वेळ गरम चालावी लागते. मळा ते बाजार समिती वीस किलोमीटर, मग तीन तास रांगेत इंजिन चालू-बंद. गाळणी भरते, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. रोज नाशिक-मुंबई करणाऱ्याला हा त्रास नाही.

हप्तेवाला

मी वाहन कर्जाच्या क्षेत्रात काम करतो. जुन्या गाडीला व्याज नव्यापेक्षा बरंच जास्त लागतं, आणि बहुतेक ठिकाणी गाडीचं वय अधिक कर्जाची वर्षं मिळून मर्यादा असते. २०१३ च्या गाडीला कर्ज मिळणं अवघड, मिळालं तर दर ऐकून परत येशील. लाखभरासाठी गावातली पतसंस्था किंवा सोसायटी आधी विचार.

आता कळीचं. खेड्यात ‘चालू हप्त्यावर’ गाड्या विकल्या जातात. म्हणजे मालकाला लाख-दीड लाख द्यायचे, पुढचे हप्ते आपण भरायचे, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घ्यायचं. अजिबात करू नकोस. कर्ज त्याच्या नावावर, आरसी त्याच्या नावावर. त्याने दुसऱ्या कर्जाचे हप्ते थकवले तरी ओढून नेतील ती गाडी, तुझ्या कॅरेटांसकट. विकणाऱ्यालाही सांगतो, यात तोही सुटत नाही. अपघाताच्या दाव्यात न्यायालय आरसीवरच्या नावाला मालक धरतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्टच सांगितलं आहे.

ओढलेल्या गाड्यांचे यार्ड असतात, तिथे लिलावात स्वस्त मिळते. पण तिथे चालवून बघता येत नाही, कित्येकदा चालूही करू देत नाहीत. थकलेला कर, संपलेलं पासिंग, ई-चलान, सगळं घेणाऱ्याच्या डोक्यावर. पहिल्या गाडीला तो मार्ग नको. मुरलेल्या माणसांचा तो खेळ आहे.

मळेवाला

आणि दिल्लीची?

हप्तेवाला

स्वस्त का आहे ते समजून घे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंदीचा आदेश हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. म्हणून तिकडचे लोक दहा वर्षं जवळ आली की मिळेल त्या भावाला काढतात. गाडी वाईट असतेच असं नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला कर नव्याने, इथला नंबर, इथलं पासिंग, हे सगळं व्हायला हवं. एजंट म्हणेल ‘सगळं करून देतो’. मग त्यानेच करून, तुझ्या नावाची एमएच-१५ ची आरसी दाखवून पैसे घ्यावेत. बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं.

टाटाभक्त

अवांतर: दोस्त कोणी विचारातच घेत नाही! २०११ पासून आहे, तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन, कमी आवाज, ॲव्हरेज पिकअपपेक्षा चांगलं. (होय, मी लिहितोय हे.)

घाटवाट

नोंद घ्यावी, टाटाभक्ताने दुसऱ्या कंपनीचं कौतुक केलं.

वजनकाटा

दोस्त चांगली आहे, फक्त त्याच्या शिवाररस्त्यावर कमी उंचीची गाडी चिखलात टेकेल. डांबरावरच्या भाड्याला मीही दोस्तच सांगितली असती. आणि त्याने आधी गावातला मिस्त्री कुठल्या गाड्या खोलतो ते बघावं. ज्या गाडीचा क्लच संध्याकाळी गेला तर सकाळपर्यंत बसवून मिळतो, ती गाडी घ्यायची. निफाड-पिंपळगावात ती पिकअप आहे, साताऱ्यात कदाचित दुसरी असेल.

मळेवाला

सगळ्यांचे आभार. मिस्त्रीला घेऊन फिरलो, ते सांगतो.

४०७ चा विचार सोडला. २०१३ ची बोलेरो वरून चकाचक होती. पाना दादांनी सांगितलं तसं खाली झोपलो. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी दोन्ही बाजूंना हातभर पट्टी, वर डांबरासारखा जाड रंग. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर आत वेल्डिंगचे गोळे. मालक म्हणाला, ‘मजबुतीसाठी मारून घेतलंय.’ मिस्त्री काही बोलला नाही, नुसती गाडीची चावी त्याच्या हातात दिली.

मग सिन्नरला एक मिळाली. बोलेरो पिकअप २०१६, एकच मालक, बीएस३, साधा पंप. पाण्याचे जार वाटायला वापरलेली. चेसिस स्वच्छ, पाटे कंपनीचे तेवढेच. थंडीत पहिल्या सेल्फला लागली, झाकणातून धूर नाही. पण हौद्याचा पत्रा पाण्याने सडलाय, दोन ठिकाणी बोट आरपार जातं. क्लच शेवटाला आलाय. चार दहा सांगत होता, तीन पंचाऐंशीवर आलाय. आरसीवर अजून एका फायनान्स कंपनीचा बोजा दिसतो. मालक म्हणतो कर्ज फिटलंय, फक्त कागद आणायचे राहिलेत. दहा हजार इसार मागतोय.

पाना१२१३

गाडी बरी वाटते. जारवाल्यांची दिवसभर थांब-चाल, थांब-चाल असते, म्हणून क्लच गेलाय. त्यात काळजीचं काही नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदल, नुसती प्लेट नको. हौद्याला चेकर प्लेट टाकून घे, पण जाडी बेताची, नाहीतर वजनकाटा ओरडेल. या दोन्हींचे मिळून पंधरा-वीस हजार अजून कमी माग.

वजनकाटा

ओरडणारच.

हप्तेवाला

कर्ज फिटलं असेल तर कंपनीची एनओसी आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) त्याच्याकडे असायला हवा. एनओसीला मुदत असते, जुनी झाली असेल तर नवी आणायला लाव. फिटलं नसेल आणि तुझ्या पैशातून फेडणार असेल तर रक्कम थेट कंपनीच्या कर्जखात्यावर भर, मालकाच्या हातात नको. बोजा उतरलेला ऑनलाइन दिसू दे, मग उरलेले पैसे.

इसार दे, पण बँकेतून, आणि साध्या कागदावर का होईना लिहून घे की अमुक तारखेपर्यंत बोजा उतरला नाही तर इसार परत. त्याच दिवशी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या. गाडी नावावर करायचा अर्ज तुला तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो, विमा बदलायला चौदा दिवस. बाकी असलेली ई-चलानं गाडी नंबर टाकून बघ आणि त्याच्याकडून भरून घे.

रोपवाटिका

पासिंगची तारीख बघितलीस का? आठ वर्षं उलटलेली गाडी आहे, दर वर्षीचं पासिंग. दोन महिन्यांवर आलं असेल तर क्लच, पत्रा आणि पासिंगचं सगळं काम एकदमच करून घे, गाडी एकदाच उभी राहील. आणि २०१९ च्या आधीची आहे, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचार.

मळेवाला

पासिंग फेब्रुवारीपर्यंत आहे. नंबर प्लेट जुनीच दिसली. ती त्याला बसवायला सांगतो, नाहीतर किमतीत वजा.

फायनान्स कंपनीच्या शाखेत सोमवारी मालकासोबत स्वतः जाणार आहे. कर्ज खरंच फिटलंय का ते तिथेच कळेल.

पाना१२१३

घेतलीस तर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हाऊसिंगचं (मागच्या एक्सलचं) ऑइल आणि डिझेल फिल्टर सगळं बदल, जुना मालक काहीही सांगो. फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो, तो मिस्त्रीकडून बघून घे आणि पावसाळ्यात अधूनमधून सोड. साधा पंप असला तरी पाणी त्यालाही चालत नाही.

घाटवाट

सिन्नरला हौद्याचा पत्रा करून देणारा कोणी चांगला माहीत आहे का कोणाला? मलाही करायचा आहे.

वजनकाटा

माळेगाव एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले आहेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचार. किलोवर भाव लावतात, तेव्हा पत्रा तुमच्यासमोर काट्यावर चढवायला सांगायचं.